वायरलेसचे दुसरे बटण

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर अग्निसुरक्षेचे एक टेबल होते. त्या टेबलावर एक साधेसे यंत्र होते, आणि ते पुरते चालू व्हायला दोन बटणे दाबावी लागत. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी पहिले विमान मनोऱ्यावर आदळले, त्यानंतर आठच मिनिटांनी, म्हणजे ८ वाजून ५४ मिनिटांनी, कोणीतरी त्यातले एक बटण दाबले. ते कोणी दाबले, हे पुढे चौकशी आयोगालाही सांगता आले नाही. दुसरे बटण त्या दिवशी कोणीच दाबले नाही.

हे यंत्र कशासाठी होते, ते आधी सांगायला हवे. अग्निशमन दलाच्या जवानाच्या खांद्याला लटकणारा वॉकीटॉकी तसा दुबळा असतो. मोकळ्या मैदानात तो छान चालतो. पण मध्ये पोलाद आणि काँक्रीटचे तीस-चाळीस मजले आले की त्याचा आवाज वाटेतच मरतो. त्यावर उपाय म्हणजे रिपीटर. हा मधला निरोप्या. तो दुबळा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तोच आवाज दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरून जास्त जोराने पुन्हा बोलतो. गावात दवंडी पिटणारा जे काम करी, तेच हे. ११० मजल्यांच्या इमारतीत असा निरोप्या नसेल, तर खाली उभा असलेला प्रमुख आणि वर गेलेले जवान यांच्यात संबंधच उरत नाही.

हा रिपीटर तिथे आला तो एका जुन्या दुखण्यामुळे. पण त्याहीपेक्षा जुनी एक गोष्ट आहे. ती समजून घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही.

१९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींत रेडिओ बसवले. हे रेडिओ फक्त ऐकण्याचे होते. मुख्यालयाने हाक दिली की शिपायाने गाडी थांबवायची, रस्त्यावरचा टेलिफोन शोधायचा आणि मग उत्तर द्यायचे. मी आत्ता या स्टुडिओत बसून आपल्याशी बोलतो आहे आणि आपण ऐकता आहात की रेडिओ बंद करून चहाला उठला आहात, हे कळायला मला काही मार्ग नाही. डेट्रॉइटच्या मुख्यालयाची अवस्था अगदी अशीच होती. त्याआधी काही वर्षे तिथे जे प्रयोग झाले, त्यांना सरकारने परवाना दिला होता तो करमणुकीच्या केंद्राचा. त्यामुळे चोरीच्या गाड्यांचे नंबर सांगता सांगता मध्येच गाणी लावावी लागत! दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा पोलीस वायरलेस न्यू जर्सीतील बेयॉन या गावी १९३३ साली सुरू झाला.

मग प्रत्येक गावाने, प्रत्येक दलाने आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि आपापल्या वेळी वायरलेस घेतले. पोलिसांनी आधी, अग्निशमन दलाने नंतर, रुग्णवाहिकांनी त्याहून नंतर. जसजसे नवे तंत्र आले, तसतसे सरकारने फ्रिक्वेन्सीचे नवे पट्टे खुले केले. ज्याने ज्या दशकात खरेदी केली, तो त्या दशकाच्या पट्ट्यात जाऊन बसला. एकाच शहरातले पोलीस एका पट्ट्यात, आगीचे बंब दुसऱ्यात, शेजारच्या जिल्ह्याचे शेरीफ तिसऱ्यात. एका पट्ट्याचा संच दुसऱ्या पट्ट्यातले ऐकूच शकत नाही. यात कोणाची लबाडी नव्हती. मुख्यालय आणि आपली माणसे यांच्यात बोलणे व्हावे, एवढ्याचसाठी वायरलेस घेतलेला होता. शेजारच्या दलाशी बोलावे लागेल, हा विचारच मुळात त्यात नव्हता.

त्यात भाषेची भर पडली. १९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्याच्या पोलिसांत आकड्यांची सांकेतिक बोली तयार झाली. प्रत्येक संकेताच्या आधी ‘दहा’ हा आकडा. ‘दहा-चार’ म्हणजे समजले. हा ‘दहा’ का, याचे कारण मोठे गमतीचे आहे. त्या काळच्या संचात बटण दाबल्यावर आतले जनित्र वेग घ्यायला क्षणभर लावी आणि बोलण्याचा पहिला तुकडा हवेत विरून जाई. तो विरून गेला तरी चालेल असा एक शब्द पुढे ठेवला, तोच हा ‘दहा’! पुढे यंत्रे सुधारली, पण ‘दहा’ राहिला. आणि प्रत्येक शहराने पुढचे आकडे आपल्या सोयीने बदलले. मूळच्या यादीत ‘दहा-तेरा’ म्हणजे हवामानाची आणि रस्त्याची खबर. न्यूयॉर्कच्या पोलिसांत ‘दहा-तेरा’ म्हणजे आपला पोलीस संकटात आहे, धावा. आता परक्या गावाहून मदतीला आलेल्या माणसाने हे ऐकले तर त्याने छत्री उघडायची की पिस्तूल काढायचे?

एकेकटे काम करताना यातले काहीच अडत नव्हते. अडले ते २६ फेब्रुवारी १९९३ रोजी. त्या दिवशी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात स्फोटकांनी भरलेली गाडी उडवण्यात आली. सहा माणसे मेली, हजाराहून अधिक जखमी झाली. धुराने भरलेल्या जिन्यांवरून लोक उतरायला चार तासांहून अधिक वेळ लागला. अग्निशमन दलाच्या वायरलेसची त्या दिवशी दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. एक तर वरच्या मजल्यांवरून आवाज खाली पोचेना. आणि जिथे पोचत होता, तिथे एकाच चॅनेलवर इतक्या तुकड्या एकदम बोलू लागल्या की कोणाचे काहीच कळेना. अखेर निरोप घेऊन माणसे पळवावी लागली.

मनोऱ्यांची मालकी असलेल्या पोर्ट ऑथॉरिटीने त्यावरून धडा घेतला आणि १९९४ मध्ये खास अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवला. तो कायम चालू ठेवावा, असे पोर्ट ऑथॉरिटीचे म्हणणे होते. दलाचे म्हणणे असे, की तो कायम चालू राहिला तर दक्षिण मॅनहॅटनमधल्या आमच्या इतर कामांच्या बोलण्यात व्यत्यय येईल. गरज पडेल तेव्हा चालू करू. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. पुढे, २००० साली, तो चालू करण्याची सोय तळमजल्यावरच्या टेबलांवर आणली गेली. अशा रीतीने ती दोन बटणे तिथे आली.

एका बटणाने जवानांचे वॉकीटॉकी रिपीटरमधून एकमेकांशी बोलू लागत. दुसऱ्या बटणाने टेबलावरच्या मुख्य संचातून बोलता येई. ९ वाजून ५ मिनिटांनी दलाच्या अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली. एक जण मुख्य संचावर, दुसरा वॉकीटॉकी घेऊन थोड्या अंतरावर. दुसरे बटण बंद असल्याने मुख्य संचातून आवाज जाईना. आणि वॉकीटॉकीवरचे बोलणे मुख्य संचात ऐकू येईना. कदाचित काही बिघाड असेल, कदाचित संचाचा आवाजच कमी करून ठेवलेला असेल, कारण वापरात नसताना तो तसाच ठेवत. बिचाऱ्या अधिकाऱ्यांनी काय समजायचे? रिपीटर बंद आहे, असेच समजायचे. उत्तर मनोऱ्यात तो वापरायचा नाही, असे त्यांनी ठरवले आणि शेकडो जवान साध्या चॅनेलवर जिने चढू लागले.

रिपीटर मात्र चालू होता. वॉकीटॉकीवरून तो चालतो आहे, हे शेजारच्या दक्षिण मनोऱ्यात लवकरच लक्षात आले. तिथे बटालियन प्रमुख ओरिओ पामर वर निघाले होते. उंच इमारतींत वायरलेस कसा चालवावा आणि रिपीटरचा उपयोग कसा करावा, यावर दलातल्या जवानांसाठी त्यांनी स्वतःच पूर्वी लेख लिहिला होता. चाळिसाव्या मजल्यापर्यंत जाणारी एक लिफ्ट चालू होती. तिथून पुढे अंगावर सगळा सरंजाम घेऊन ते जिने चढत गेले आणि दहाला आठ मिनिटे असताना अठ्ठ्याहत्तराव्या मजल्यावर पोचले. दुसरे विमान ७७ ते ८५ या मजल्यांत घुसले होते; म्हणजे ते थेट आगीच्या दारात होते. तिथे किती आग आहे, ती विझवायला काय लागेल, जखमींना कुठून उतरवायचे, हे ते शांत आवाजात खालच्या तुकडीला सांगत होते आणि ते बोलणे स्पष्ट ऐकू येत होते. रिपीटरवरचे हे संभाषण ध्वनिमुद्रित झाले होते, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. चांगला वायरलेस हाती असूनही पामर वाचले नाहीत. पण उत्तर मनोऱ्यात वर गेलेल्यांच्या प्रमुखांना आपली माणसे कितव्या मजल्यावर आहेत, हेही धड कळत नव्हते, तेव्हा दक्षिण मनोऱ्यातले लोक कामाचे बोलू शकत होते, एवढा फरक त्या रिपीटरने केला होता.

आता या इतिहासातली सर्वांत अवघड एकोणतीस मिनिटे येतात. दक्षिण मनोरा पडल्यापासून उत्तर मनोरा पडेपर्यंतचा, म्हणजे १० वाजून २८ मिनिटांपर्यंतचा हा वेळ. उत्तर मनोऱ्यात तळाशी असलेल्या अधिकाऱ्यांना अंधार झाला, धूळ आली, पण शेजारचा मनोरा पडला हे कळले नाही. तरीही त्यांनी इमारत सोडण्याचा हुकूम वायरलेसवरून दिला. बाहेर आकाशात पोलिसांची हेलिकॉप्टरे होती. १० वाजून ४ मिनिटांनी त्यातून खबर आली, की उत्तर मनोऱ्याचे वरचे मजले लालबुंद झाले आहेत आणि तो पडू शकतो. चार मिनिटांनी आणखी एका वैमानिकाने सांगितले, की हा मनोरा फार काळ टिकेल असे वाटत नाही. हे सगळे पोलिसांच्या चॅनेलवर. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना ते ऐकण्याची सोय नव्हती, आणि हेलिकॉप्टरमध्ये त्यांचा माणूस नव्हता. पोलिसांच्या आणीबाणी पथकाचे जे जवान आत होते, त्यांना बाहेरच्या त्यांच्या सहकाऱ्याने, ज्याने दक्षिण मनोरा पडल्याचे जाणले होते, तातडीने बाहेर पडायला सांगितले. त्याच जिन्यांवर अग्निशमन दलाचे जवान होते. कोणी विसाव्याला थांबले होते, कोणी आपल्या तुकडीतल्या मागे राहिलेल्यांची वाट पाहत होते.

त्या दिवशी अग्निशमन दलाची ३४३ माणसे गेली, पोर्ट ऑथॉरिटीचे ३७ पोलीस आणि शहराचे २३ पोलीस गेले.

यावरून पुढे पुष्कळ दिवस असे बोलले गेले, की वायरलेस बिघडला म्हणून हे जवान मेले. ही समजूत सोपी आहे आणि अर्धवट आहे. चौकशी आयोगाने बारकाईने पाहिले तेव्हा दिसले, की उत्तर मनोऱ्यातल्या पुष्कळ जवानांना बाहेर पडण्याचा हुकूम ऐकू आला होता. पण त्या हुकुमात ‘दुसरा मनोरा पडला आहे’ हे चार शब्द नव्हते, कारण हुकूम देणाऱ्यालाच ते ठाऊक नव्हते. सुटीवर असूनही धावून आलेल्या कित्येकांकडे वायरलेसच नव्हता. काही जण भलत्याच चॅनेलवर होते. यंत्रातला दोष हे एक कारण होते, मुख्य कारण नव्हते, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. मला तो पटतो. आवाज पोचणे ही एक गोष्ट आणि ज्याला जे माहीत आहे ते ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोचणे ही दुसरी.

ही दुसरी गोष्ट कोणाला सुचलीच नव्हती, असे मात्र नाही. ती तीस वर्षे आधी सुचली होती, आणि तीही शहरात नव्हे, जंगलात. १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटत राहिले. सोळा माणसे गेली, सातशेहून अधिक घरे-इमारती जळाल्या, पाच लाख एकरांहून जास्त जमीन होरपळली. केंद्राचे वनखाते, राज्याचे वनखाते, परगण्यांची आणि शहरांची अग्निशमन दले असे सगळे एकत्र लढत होते. नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसले, की माणसे आणि बंब कमी पडले त्यापेक्षा मेळ कमी पडला. प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी, हुद्द्यांची नावे वेगळी, शब्दही वेगळे. ‘टँकर’ हा साधा शब्द घ्या. अमेरिकेच्या पूर्वेकडे टँकर म्हणजे पाण्याची मोटार, पश्चिमेकडे टँकर म्हणजे पाणी-रसायन टाकणारे विमान. मागवले एक आणि आले भलतेच, तर वणवा काही थांबून राहत नाही.

त्यातून ‘फायरस्कोप’ नावाचा उपक्रम उभा राहिला आणि घटनास्थळी सर्वांनी मिळून कारभार कसा करायचा, याची एक पद्धत बसवली गेली. तिच्यात आधी ठरले ते शब्द. विमान म्हणजे टँकर, मोटार म्हणजे ‘वॉटर टेंडर’. आकड्यांची बोली बंद, सरळ साध्या भाषेत बोलायचे. मग ठरले ते चॅनेल: प्रमुखांसाठी एक, प्रत्यक्ष आगीशी झुंजणाऱ्यांसाठी वेगळे, विमानांसाठी वेगळे, आणि मोहिमेच्या सुरुवातीलाच एक कागद करायचा, ज्यावर कोणी कोणत्या चॅनेलवर राहायचे ते लिहिलेले. या कागदाचे महत्त्व महागड्या संचांपेक्षा मी जास्त मानतो. तो करायला पैसे लागत नाहीत. पण तो करायला सगळ्या दलांची माणसे आधी एका टेबलाभोवती बसावी लागतात, आणि तेच कठीण असते. देशभर ही पद्धत रुजायला फार वर्षे गेली. अनेक दलांच्या संयुक्त कामात साधी भाषाच वापरायची, ही अट अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या अनुदानाला जोडली ती २००६ मध्ये.

याच दुखण्याचा दुसरा रोगी म्हणजे लंडन. तिथे १८ नोव्हेंबर १९८७ ला किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात आग लागून ३१ माणसे गेली. जमिनीखाली अग्निशमन दल आणि पोलीस यांचे वायरलेस चालत नाहीत, ते चालले पाहिजेत, असे तेव्हाच्या चौकशीत स्पष्ट सांगितले गेले. ७ जुलै २००५ रोजी त्याच शहरात तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. ५२ माणसे मारली गेली. त्या दिवशी भुयारात फक्त रेल्वे पोलिसांचा वायरलेस चालत होता. बाकीच्यांनी निरोप घेऊन माणसे वर-खाली पळवली. मधल्या अठरा वर्षांत अहवाल तयार होता, पैसा नव्हता असेही नाही. फक्त हे काम कोणत्या खात्याचे, हे ठरत नव्हते. शहराच्या प्रतिनिधींच्या समितीने २००६ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले, आणि मग पुढच्या काही वर्षांत पोलिसांची डिजिटल बिनतारी यंत्रणा भुयारांत उतरली.

त्याच दिवशी लंडनमध्ये आणखी एक प्रकार घडला. मोबाइलचे जाळे ओसंडून वाहू लागले तेव्हा, निवडक फोन सोडून इतरांचे फोन बंद करावेत का, यावर सर्व दलांच्या वरिष्ठांच्या बैठकीत चर्चा झाली आणि ‘करू नये’ असे ठरले. तरी ऑल्डगेट स्थानकाच्या आसपास एक किलोमीटरच्या टापूत एका पोलीस दलाने एका कंपनीच्या जाळ्यावर ते करवून घेतले. दुपारभर तो टापू तसाच राहिला. रुग्णवाहिका सेवेच्या अधिकाऱ्यांची मदार तर बरीचशी मोबाइलवरच, आणि सर्वांच्याच फोनला ती सवलत नव्हती. म्हणजे एका दलाने दुसऱ्याचा आवाज बंद केला, तोही चांगल्या हेतूने!

मोबाइलवर किती विसंबायचे, हे त्याच महिन्यात आपल्यालाही कळले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या लाखो लोकांचे फोन मुके झाले. मोबाइलचे मनोरे विजेवर चालतात, वीज गेली की बॅटरीवर, आणि बॅटरी काही तासांची.

त्याच्या सात महिने आधी, २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी, अंदमानात याच्या उलट एक प्रसंग घडला. हौशी रेडिओवाल्यांची एक मोहीम भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने पोर्ट ब्लेअरला गेली होती. हे लोक छंद म्हणून जगभरच्या हौशींशी गप्पा मारत बसलेले. त्सुनामी आली, टेलिफोन गेले, आणि त्याच दिवशी त्यांच्या संचांवरून मदतीचे निरोप मुख्य भूमीशी सुरू झाले. पुढे कार निकोबारलाही असाच संच नेऊन बसवला गेला. प्रशासन, मदत पथके आणि आप्तांच्या काळजीत बसलेली कुटुंबे यांच्यात निरोप जाऊ लागले. सरकारी खर्चाची मोठी यंत्रणा तिथे नव्हती. संच होते, एरियल होते, बॅटऱ्या होत्या. आणि परक्या माणसाशी ठरलेल्या शब्दांत, मुद्द्याचे तेवढेच बोलायची आणि समोरच्याचे पूर्ण ऐकून घ्यायची रोजची सवय होती.

अमेरिकेने २०१२ मध्ये कायदा करून सर्व आपत्कालीन दलांसाठी देशभराचे एक वेगळे बिनतारी जाळे उभे करायचे ठरवले, त्यासाठी फ्रिक्वेन्सीचा राखीव पट्टा दिला आणि सात अब्ज डॉलर मंजूर केले. न्यूयॉर्कला मात्र तोवर थांबणे शक्य नव्हते. तिथे २००५ मध्ये कोणत्या प्रसंगी कोणते दल प्रमुख राहील याचा करार झाला, आणि विषारी रसायनांच्या घटनांत पोलिसांना पहिला मान दिला म्हणून अग्निशमन दलाच्या सर्वोच्च गणवेशधारी अधिकाऱ्याने नगर परिषदेपुढे उघड नाराजीही सांगितली. तो वाद पुष्कळ दिवस चालला. एक गोष्ट मात्र दोन्ही दलांनी मान्य केली: उंच इमारतीला मोठी आग लागली, तर पोलिसांच्या हेलिकॉप्टरमध्ये अग्निशमन दलाचा एक अधिकारी बसवायचा. वैमानिकाच्या कानाला पोलिसांचा वायरलेस, आणि शेजारी बसलेल्या या अधिकाऱ्याच्या हातात त्याच्या दलाचा.